एकदाच विचारतात

करमान,
शुक्रवार, १८ मेहर

प्रिय भाऊ इरज,

सलाम. तू, तुझी मंडळी आणि खजुराची बाग, सगळे खुशाल असाल. तोडणी संपली असेल तर आता कंबर सांभाळ. इकडे सकाळी गार वारा सुटू लागलाय. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझी पेटी बुधवारी पोचली. बसवाला रजब दारापर्यंत घेऊन आला, चहाला दोनदा ‘नको, उगाच तसदी’ म्हणाला आणि तिसऱ्यांदा म्हटल्यावर बसून तीन पेले प्याला. पेटीचं नंतर लिहिते.

त्या दिवशी फोनवर तू हसत विचारलंस, “आबजी, तिथे बांधून घालतात का गं?” मी काहीतरी बोलून विषय बदलला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. म्हणून कागदावर लिहिते. अफू सोडवणाऱ्या दवाखान्यात पहिल्या दिवशी काय होतं ते ऐक.

बांधत नाहीत, बसवून ठेवतात. बरोबर जवळचं माणूस लागतं. लेकीचे, लादनचे, दिवस भरत आलेले, ती इस्फहानहून येणार कशी? म्हणून शेजारच्या इफ्फतला नेलं, ते चुकलं. डॉक्टरीणबाई मला विचारणार आणि इफ्फत उत्तर देणार.

“रोज घेता?”

“छे हो,” इफ्फत म्हणाली. “पाहुणे आले तरच, त्यांना बरं वाटावं म्हणून.”

“आणि पाहुणे कधी येतात?”

“रोज,” मी म्हणाले. मग इफ्फतला बाहेर बसायला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंचं नाव सालारी. आपल्याच करमानची, लादनहून थोडी मोठी असेल. मला म्हणाली, “बसा आजी.” मी म्हटलं, आजी व्हायला अजून महिना आहे. तर तेही तिने लिहून घेतलं.

काय घेता, ओढता की चहात विरघळवता, किती, शेवटची कधी घेतली. शेवटची त्याच सकाळी, निघण्याआधी. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, “सांगितलंत ते बरं केलंत. घरच्या घरी एकदम बंद करून यायचं नसतं, या वयात तर नाहीच.” हे तूही लक्षात ठेव. उगाच शूरपणा करून जाऊ नकोस.

‘कधीपासून?’ या प्रश्नाला मी अडले. गुडघ्यांपासून, असं मी सगळ्यांना सांगते. पण गुडघे दुखायच्या आधीही, आमचे हे होते तेव्हा, पाहुण्यांच्या अफूच्या शेगडीजवळ मी बसतच होते की. मग खरं तेच सांगितलं.

त्यानंतर वजन, रक्तदाब, डोळ्यांत बॅटरी, छातीला वायरी लावून आलेख. लघवी द्यायची तर एक बाई दाराशी उभी, कडी लावायची नाही. मी म्हटलं, “अगं, माझ्या वयाची तरी लाज धर.” ती म्हणाली, “आजी, परवा एक तुमच्याहून मोठ्या बाई नातीची घेऊन आल्या होत्या.” झोपेच्या गोळ्या घेत नाही असं मी सांगितलं होतं, त्या तिथे निघाल्या. इफ्फतच्या होत्या, मी त्यांना गोळ्या समजतच नव्हते. तू जाशील तेव्हा घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून ने.

मरावंसं वाटतं का, असंही विचारतात. भाव विचारावा तसं सरळ. मी म्हटलं, कधीकधी, दुपारी. तेव्हा तिने पेन खाली ठेवलं आणि दुपारी म्हणजे काय होतं ते विचारलं. इरज, मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी बराच वेळ बोलले आणि थोडी रडलेही.

“आणि आत्ताच का आलात?” ती म्हणाली. त्याचं उत्तर सोपं होतं. लादनने सांगितलंय, “आई, बाळंतपणाचे चाळीस दिवस मला तूच हवीस. पण शेगडी घेऊन येणार असशील तर येऊ नकोस, मी सासूबाईंना बोलावीन.” भांडली असती तर मीही भांडले असते. ती शांतपणे म्हणाली, आणि वर सासूचं नाव घेतलं. माझ्या मुलीच्या बाळाला पहिली आंघोळ ती बाई घालणार, हे मला सोसणार नाही.

शेवटी विचारलं, “मिळते कुठून?”

“बाजारात.”

“या गुडघ्यांनी बाजारात जाता?”

“ओळखीचं माणूस आहे,” मी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही.

मग म्हणाली, “बायकांकडे एक खाट रिकामी आहे. आजच राहता का?”

इरज, माझी पिशवी मांडीवर होती. त्यात झोपायचे कपडे, जपमाळ, टॉवेल, सगळं भरलेलं. आणि मी म्हटलं, “नको नको, तुम्हाला कशाला तसदी. दुसऱ्या कुणा गरजूला द्या.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुढचं नाव पुकारलं.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. वाटलं, बोलावतील. इफ्फतने विचारलं, “काय म्हणाल्या?”

“राहता का म्हणाली.”

“मग?”

“मग काय, एकदाच म्हणाली.”

“एकदाच?” इफ्फत म्हणाली. “डॉक्टर झाली, पण आईबापांनी वळण काही लावलं नाही.”

तोवर एक किरकोळ पोरगी हातात काही न घेता आत गेली आणि आतच राहिली. माझी खाट तिला मिळाली. मी परत दाराशी जाऊन म्हटलं, “तुम्ही मला पुन्हा विचारलंच नाहीत.”

सालारीबाई हसली नाही. म्हणाली, “माझी आजीही तुमच्यासारखीच आहे. पूर्वी मी तीनतीनदा विचारायचे. तिसऱ्यांदा हो म्हणणारी माणसं माझ्या आग्रहाखातर राहायची आणि चार दिवसांत, माझ्यावर उपकार केल्यासारखी, निघून जायची. म्हणून आता एकदाच विचारते. खाट रिकामी झाली की फोन करीन. तेव्हाही एकदाच.”

घरी आले आणि संध्याकाळी शेगडी पेटवली. तुझ्यापासून काय लपवायचं? पण ओढताना रागही आला. तिचा नाही, माझा.

काल तिचा फोन आला. “शनिवारी येता?” मी म्हटलं, “येते.” शब्द तोंडातून गेला आणि कान तापले, भर पंगतीत स्वतःच वाढून घेतल्यासारखं वाटलं. इफ्फत समोरच होती. “निदान एकदा तरी नको म्हणायचंस,” म्हणाली.

उद्या सकाळी जाते. तोवर पुरेल एवढी जुनी शिल्लक आहे, सालारीबाईंना तसं सांगितलंय.

आता पेटीचं. वरचे खजूर इफ्फतला दिले. खजुरांखाली तू जे ठेवतोस ते संडासात टाकलं आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. ओळखीचं माणूस म्हणजे कोण, हे मी तिथे सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. तू ते मायेने पाठवतोस हे मला ठाऊक आहे. माझे गुडघे दुखतात हे तुझ्याइतकं कुणी मनावर घेतलं नाही.

आपल्याकडे रिकामं भांडं परत करत नाहीत. तुझ्या पेटीतून मी दरवेळी खजुराच्या वड्या पाठवल्या. या वेळी रजब पेटी आणून देईल, तेव्हा तिच्यात हे पत्र तेवढं असेल. विसरले असं समजू नकोस.

दर महिन्याला मी तुला म्हणायची, “नको रे, कशाला पाठवतोस.” तू हसायचास आणि पाठवायचास. तुझं काही चुकलं नाही, ते माझं ‘नको’ रीतीचं होतं. हे तसलं नाही.

पुरुषांकडे खाटा जास्त आहेत, मी विचारून घेतलंय. तुला विचारतील तेव्हा पहिल्याच फटक्यात हो म्हण.

आणि पत्र वाचून फोन उचलू नकोस. तू विचारशील, “आबजी, खरंच नको?” मी नको म्हणेन. तू पुन्हा विचारशील. तिसऱ्यांदा मी हो म्हणते, इरज, हे तुला चांगलं माहीत आहे.

एकदाच नको म्हणणारी,
तुझी बहीण
शम्सी