सरावात दिलेले खरे उत्तर

प्रति,
मा. संचालक,
गुणवत्ता लेखापरीक्षक प्रशिक्षण व मूल्यमापन विभाग,
मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

विषय : सरावाच्या मुलाखतींत मी वारंवार दिलेले उत्तर खरे असल्याने ते खरे धरण्याबाबत.

संदर्भ : आपल्या विभागाचे मला आलेले पत्र, 'पुढील तुकडीसाठी नवीन दोष तयार ठेवणे'.

महोदय,

संदर्भातले पत्र मिळाले. एका यंत्रातला एक दोष सांगितला म्हणून मागणीप्रमाणे आणखी दोष मी पुरवू शकेन, असा विश्वास आपल्या विभागाने माझ्यावर दाखवला आहे. त्याबद्दल आभार. नवीन दोष का देता येत नाही आणि जुन्याचे काय करावे, एवढेच या अर्जात मांडायचे आहे.

मी कारखान्यात निर्जंतुकीकरण विभागाची प्रमुख आहे. शस्त्रक्रियेला लागणारा कापूस, पट्ट्या आणि चादरी यांचे बंद संच आमच्याकडे वाफेच्या यंत्रात घालून जंतुविरहित करतात आणि इथून ते रुग्णालयांत जातात. यंत्रे दोन आहेत. दोन नंबरच्या यंत्राच्या दाराचे रबर खालच्या बाजूला झिजले आहे. तिथून वाफ निसटते आणि खालच्या कप्प्यात दाराजवळ हवी तेवढी उष्णता पोहोचत नाही. पुरेशी उष्णता मिळाली की काळी पडणारी एक कागदी पट्टी आम्ही संचांबरोबर आत ठेवतो. खालच्या कप्प्यात ही पट्टी राखाडीच राहते. वरच्या कप्प्यात ती सुरेख काळी होते. म्हणून ती वरच्याच कप्प्यात ठेवावी, अशी उत्पादन प्रमुखांची तोंडी सूचना आहे. माझ्या पाळीत मी खालचा कप्पा रिकामा ठेवते. बाकीच्या पाळ्यांत तो भरतात.

हे मी दुरुस्ती विभागाला कळवले होते. तिथले फोरमन म्हणाले, "ताई, हे रबर बाहेरून मागवावं लागतं. ऑडिटमध्ये उणीव निघू दे, लगेच मंजुरी येते. नुसतं तुम्ही सांगून कोण ऐकतंय?" तोपर्यंत यंत्र बंद ठेवावे, असे मी उत्पादन प्रमुखांना सुचवले. "निम्मं काम बंद ठेवताय, तर पगारही निम्माच घ्याल ना?" अशी त्यांनी माझी आपुलकीने चौकशी केली. मग मी ऑडिटची वाट पाहिली. ऑडिटर आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे ना?" मी तोंड उघडेपर्यंत त्यांची बरोबरची खूण करून झाली होती.

ऑडिटरांच्या याच सवयीबद्दल वरून कानउघाडणी झाली आणि त्यांच्या मुलाखत कौशल्याचे मूल्यमापन व सुधारणा हा उपक्रम आपण हाती घेतला. सरावासाठी प्रत्यक्ष काम करणारी एक व्यक्ती हवी होती. 'बोलक्या आहेत' असा शेरा मारून माझे नाव कोणीतरी पाठवले. मला वाटले, चला, देव पावला.

प्रशिक्षणाच्या खोलीत दोन खुर्च्या किंचित तिरप्या मांडलेल्या होत्या. समोरासमोर बसले की माणूस बिचकतो, असे मला सांगण्यात आले. पाण्याचा पेला होता. मूल्यमापक सर कोपऱ्यात गुणपत्रिका घेऊन बसले होते. पहिल्या ऑडिटरांनी घसा साफ केला आणि विचारले, "तुमच्या कामात तुम्हाला कशाची काळजी वाटते, जरा सविस्तर सांगाल?" इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे कोणी विचारले नव्हते. घरीही नाही. मी रबर सांगितले, पट्टी सांगितली, उत्पादन प्रमुखांची सूचना सांगितली. ऑडिटर मान हलवत राहिले. मूल्यमापक सर म्हणाले, "छान. फक्त मान जास्त हलतेय. तीन वाक्यांना एकदा पुरे." मी विचारले, "आणि रबराचं काय?" त्यावर ते फार समजुतीने म्हणाले, "ताई, हा सराव आहे. इथलं बोलणं इथेच राहतं. तुम्ही अगदी मोकळेपणाने बोला."

मी मोकळेपणाने बोलत राहिले. ऑडिटर बदलत गेले. एकांनी एका दमात दोन प्रश्न विचारले म्हणून त्यांचे गुण कापले. दुसऱ्यांना 'शांततेचा प्रभावी वापर' या सदरात पैकीच्या पैकी मिळाले, कारण ते बराच वेळ गप्प बसले आणि न राहवून मीच पुढचे सांगून टाकले. पुढचा प्रश्न आठवत नव्हता म्हणून ते गप्प होते, हे त्यांनी जिन्यात मला खासगीत सांगितले. तिसऱ्यांनी माझेच वाक्य मला परत केले : "म्हणजे खालच्या कप्प्यातले संच निर्जंतुक होत नाहीत, असं तुमचं म्हणणं आहे. बरोबर समजलो ना मी?" मी हो म्हटले. 'आकलनाची खातरजमा' या सदरात त्यांनी त्या तुकडीचा उच्चांक केला. आनंदाच्या भरात त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि टिपणाचा कागद टेबलावर तसाच टाकून ते जेवायला गेले.

पुढे या मुलाखतीचे चित्रीकरण आपल्या सभागृहात सगळ्या ऑडिटरांना दाखवण्यात आले. 'अडचणीची माहिती कशी काढून घ्यावी' असे त्याला नाव होते. मलाही बोलावले होते. पडद्यावर मी म्हणत होते की हे संच आजाऱ्यांच्या उघड्या जखमेला लागतात, आणि सभागृह टाळ्या वाजवत होते. शेवटी मागच्या रांगेतून एक हात वर झाला. मी सावरून बसले. त्यांना खुर्च्यांचा कोन नेमका किती अंशांचा होता, ते हवे होते.

यानंतर खरे ऑडिट आले आणि उच्चांकवाले ऑडिटर स्वतःच आमच्या विभागात आले. जुनी ओळख निघाल्यासारखे हसले. मी रबरापासून सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवले. "नाही ताई, तुमची मुलाखत मला घेता येणार नाही. तुम्ही सरावाच्या व्यक्ती. तुमचं उत्तर मला आधीच माहीत आहे. ते मी लिहिलं तर निःपक्षपाती राहणार नाही." मग त्यांनी एक नंबरच्या यंत्रावर नुकत्याच लागलेल्या कामगाराची मुलाखत घेतली. खुर्च्या तिरप्या, मान मोजून, सारे यथासांग. एक नंबरचे यंत्र उत्तम चालते, असे त्या मुलाखतीतून निष्पन्न झाले. ते खरेच आहे. ते दारात उभे राहूनही निष्पन्न झाले असते.

आता आपल्या पत्राविषयी. सध्याच्या तुकडीतले लोक मी खुर्चीत टेकायच्या आत वहीत 'दाराचे रबर' लिहून मोकळे होतात, ही आपली तक्रार रास्त आहे. एकांनी तर "नमस्कार, रबराबद्दल सांगा," अशीच सुरुवात केली आणि प्रश्नातच उत्तर सुचवल्याबद्दल गुण गमावले. पेपर फुटला, हे मलाही मान्य. म्हणून मी मध्यम काठिण्याचा नवा दोष ठरवावा, तिसऱ्या प्रश्नाआधी तो उघड करू नये आणि सांगताना थोडा संकोच दाखवावा, असे आपण सुचवले आहे. मी प्रामाणिकपणे शोध घेतला. खोके बांधण्याच्या खोलीतला एक दिवा लुकलुकतो, एवढेच सापडले. दिवा आपल्या सेवेस हजर आहे. रबराच्या तोडीचे मात्र आमच्याकडे दुसरे काही नाही, आणि रबर दुरुस्त होईपर्यंत ते सांगताना मला संकोच वाटणार नाही.

एक घरगुती बाब लिहावी लागत आहे. माझ्या धाकट्या नणंदेच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया येत्या सोमवारी आहे. तपासण्यांना गेली असता तिला तिथे आपल्या कारखान्याची खोकी दिसली. लगेच तिचा फोन आला, "वहिनी, तुमच्याकडचंच सामान आहे इथे. मी डॉक्टरांना सांगून टाकलं, आमच्या वहिनी आहेत तिथे, मला कसलीच चिंता नाही." माझे आणि तिचे लग्नापासून विशेष जमत नाही. माझ्या आमटीबद्दल तिने चार माणसांत काय काय म्हटले आहे, ते इथे देत नाही. तरी हिशेब या मार्गाने चुकता करावा, या मताची मी नाही. शिवाय आयुष्यात पहिल्यांदा तिने माझ्या कामाचे कौतुक केले आणि त्यासाठी नेमके हेच काम निवडले.

घरात यावर चर्चा झाली. यजमानांचे म्हणणे पडले, "तिला दुसऱ्या दवाखान्यात जायला सांग, विषय संपला." तिला मी सांगितलेच आहे. ती म्हणाली, "असं कसं? तुमचा स्वतःच्या कामावर विश्वास नाही का?" आणि फोन ठेवला. समजा ती ऐकेल. पण त्या वॉर्डात बाकीचेही लोक असतात आणि त्यांची वहिनी इथे कामाला नसते. त्यांना फोन कोणी करायचा?

तरी विनंती की, माझे उत्तर खरे धरून ते आजच उणीव म्हणून नोंदवावे आणि दोन नंबरच्या यंत्रातून बाहेर गेलेले संच परत मागवावेत. सरावातले बोलणे खरे धरण्याची नियमात सोय नसल्यास निदान गुणपत्रिकेत एक सदर वाढवावे : 'उत्तर ऐकल्यावर काय केले'. त्याला गुण कितीही कमी ठेवा. आजवर ज्यांनी माझी मुलाखत घेतली, त्या सर्वांना या सदरात शून्य देण्यास मी साक्षीदार म्हणून कधीही येईन. मूल्यमापक सरांचेही मूल्यमापन होत असेल, तर त्यांना वगळू नये.

आपला निर्णय सोमवारच्या आत होईल, याची खात्री आपले पत्र वाचल्यावर उरली नाही. म्हणून आज पाळी संपताना, यंत्र थंड झाल्यावर, दोन नंबरच्या दाराचे रबर मी स्वतः काढले आहे. त्याशिवाय दार बंद होत नाही आणि दार बंद झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. जे केले ते कोणाला न विचारता केले आहे. माझ्या हाताखालच्या कोणाचाही त्यात हात नाही.

उद्या सकाळी मला चौकशीला बोलावतील. खुर्ची तिरपी नसेल, पाणी मिळणार नाही, सगळे प्रश्न एका दमात येतील आणि मान कोणी हलवणार नाही. आपल्या मूल्यमापनात ते चौकशीचे साहेब सपशेल नापास होतील. पण माझे उत्तर लिहून घेतील आणि खाली माझी सही घेतील.

आपली नम्र आणि उद्यासाठी तयार,

(सही)
विभाग प्रमुख, निर्जंतुकीकरण
दिनांक : ११ जून

सोबत :
१. दोन नंबरच्या यंत्राच्या दाराचे रबर, एक नग. मूळच जोडले आहे. याची नक्कल मिळत नाही.
२. खालच्या कप्प्यातल्या राखाडी पट्ट्या, पाकिटात.

कृपया पोच द्यावी.