वेळेआधी भरल्याचा दंड

तीर्थरूप मामा, वाकून नमस्कार.

आधी एक दुरुस्ती. गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की गाडीच्या कर्जाच्या ऑफिसातला माणूस माझ्यावर ओरडला. तसं नव्हतं. ओरडले मी, त्याने उलट माझं नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला. त्याच्याविषयी तुमच्या मनात उगाच अढी नको. आता मामींचा गुडघा कसा आहे? तुम्ही जेवल्यावर चालता, की नुसतं तसं सांगता? आई बरी आहे. (मीही बरीच म्हणायची.)

तर झालं असं. माझ्या गाडीचं कर्ज जुन्या कंपनीने नव्या कंपनीला विकलं. कर्ज विकत घेणारे लोक असतात हे मला ठाऊक नव्हतं. मला तर ते कोणाला फुकट द्यायलाही लाज वाटली असती. न विचारता कोणी आपलं लग्न लावून द्यावं आणि सासरहून थेट बिलच यावं, तसं झालं. बिलात खातं उघडण्याचं शुल्क, कागद तपासण्याचं शुल्क (कागद त्यांचेच) आणि वर हप्ता चुकवल्याचा दंड. चुकवल्याचा, मामा! आपल्या घरात! मागणाऱ्याने दार वाजवायच्या आत पैसे घेऊन दारात उभं राहायचं, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. हप्ता असतो पाच तारखेला, पण मी तो आदल्या महिन्याच्या अखेरीलाच भरते. (मधे सुट्टी आली तर? मी आजारी पडले तर?) कर्जाने घर बदललं एक तारखेला, आणि माझा हप्ता त्याआधीच जुन्या घरी जाऊन बसला होता. नव्या घरी तो पोचलाच नाही. पंखेवाल्याने हे मला फार मायेने समजावलं. "ताई, तुम्ही लवकर भरलात म्हणून उशीर झाला. पाचला भरला असतात तर काहीच अडचण नव्हती."

मग जुन्या कंपनीत गेले. सकाळभर घरोघर जाऊन लोकांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे आणि दुपारी या मंडळींना माझं रक्त द्यायचं, असा हल्ली दिनक्रम आहे. खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं आमच्याकडे काहीच नाही हो आता." क्षणभर इतकं हलकं वाटलं की आभार मानून मी जिना उतरले. खाली गाडी दिसली तेव्हा परत वर गेले. हप्त्याच्या पावतीची शिक्क्यासकट नक्कल मात्र मिळाली. ती घेऊन पुन्हा पंखेवाल्याकडे. तिथला नियम असा, की तक्रार नोंदवायची तर खात्यावर थकबाकी नको; म्हणजे आधी दंड भरायचा आणि मग तो चुकीचा आहे म्हणायचं. मी विचारलं, "भरला म्हणजे मी चुकले असंच ठरणार ना?" तो म्हणाला, "कागदावर तसं दिसेल, ताई. पण आम्ही मनात धरत नाही."

मी फार दमले आहे, मामा. पण जो हप्ता मी भरला, तो चुकवला असं माझ्या नावावर लिहून घ्यायला मन धजत नाही.

मामींना नमस्कार.
तुमची भाची

ता. क. जामीनदार म्हणून सही तुमची आहे. मी दंड भरला नाही तर ते तुम्हाला फोन करतील. पत्र खरं त्यासाठीच. मामा, पाया पडते, पैसे भरू नका. शेजाऱ्यांचं विजेचं बिल चुकून तुमच्या दारात पडलं, तेव्हा तुम्ही ते निमूटपणे भरलंत आणि वर "वापर जरा कमी करायला हवा" असं मामींना बोललात, हे मी विसरलेले नाही. फोनवरचा माणूस गोड बोलेल. विरघळू नका. फक्त "भाचीला विचारा" म्हणा.

आणखी ता. क. खोटं कशाला लिहू, काल दंडाचे पैसे मुठीत धरून मीच त्यांच्या रांगेत उभी होते. माझा नंबर आला आणि त्यांची जेवणाची सुट्टी झाली. माझा निर्धार टिकलाय तो तेवढ्यामुळे. परत तशी वेळ यायच्या आत त्यांच्या मोठ्या साहेबांसमोर पावती ठेवून बसणार आहे, आणि दंड रद्द केल्याचं लेखी मिळाल्याशिवाय उठणार नाही. तोवर फोन आला तर तेवढी कळ काढा. जाणार आहे शुक्रवारी, एकोणीस तारखेला.