वाचनालयात आलेली संशोधनाची लाट

२ जानेवारी १९५८, चांदा

नववर्षाचा संकल्प कालच करायचा होता, पण काल थंडी फार होती. आजपासून कॉलेजच्या वाचनालयात नवे युग. नागपूरला ग्रंथालयाचा कोर्स करून आलो तो काय नुसती कपाटांची कुलुपे उघडायला? यापुढे प्राध्यापकांना शिकवायला आणि विद्यार्थ्यांना संशोधनाला जे लागेल ते मी स्वतः शोधून देणार. दारावर पाटी लावली : 'काय हवे ते विचारा. ग्रंथपाल हजर आहे.' शिपाई इसरू म्हणाला, साहेब, इथी कोनी येतच नाई, तं विचारन कोन? याला दूरदृष्टी नाही.

महिनाअखेर युनिव्हर्सिटीची कमिटी येते आहे. वाचनालय चालते असे दिसले तर मी पर्मनंट. पर्मनंट झालो तर ब्रह्मपुरीकडचे दादाजी आपली वच्छला मला देणार. त्यांनी स्पष्टच सांगितले आहे, टेम्परवारी जावई मले नाई पायजे.

५ जानेवारी

कोणी आले नाही. पाटी जरा डावीकडे कलली होती, त्यामुळे असेल. सरळ केली.

८ जानेवारी

आला. बी.ए.चा पोचू. विचारले, सर, पोटात तलवार घुसल्यावर मानूस किती वेळ बोलू शकते? शरीरशास्त्रातला केवढा सूक्ष्म प्रश्न. कपाटे पालथी घातली आणि सांगितले, फार तर दोन वाक्ये. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, मले तं दोन पानं बोलाचं हाय. संशोधकाला निष्कर्ष आवडो न आवडो, आपण सत्य सांगावे.

११ जानेवारी

इतिहासाचे प्रा. मनसाराम निकुरे स्वतः आले. राणी सिंहासनावर कशी बसे, पदर कोणत्या खांद्यावरून घेई, सगळा तपशील हवा. दुपारी सायन्सचा चैतू आला. त्याला धोतरावरून सहज धुऊन निघेल असे रक्त तयार करायचे आहे. फिजिक्सचे डेमॉन्स्ट्रेटर खोलीत वीज चमकवण्याच्या मागे लागलेत. अख्खे कॉलेज संशोधनाला लागले, आणि कशामुळे तर एका पाटीमुळे. लग्नाचा सूट शिवायला टाकावा का?

१५ जानेवारी

वाचनालय गच्च. शांततेचा नियम मीच मोडीत काढला. मुले मोठमोठ्याने, हातवारे करत वाचतात. पोचू वाचता वाचता कोसळला. पाणी आणेपर्यंत उठला, तेच पान पुन्हा वाचले आणि पुन्हा कोसळला. विषयाशी इतके एकरूप होणे मी नागपुरातही पाहिले नाही. इसरूसुद्धा कपाटाआड मान वेळावत काहीतरी पाठ करत होता. हटकले तर लाजून म्हणाला, मी दासी हाव जी. शिपायाच्या अंगी एवढी नम्रता आली ती वाचनानेच.

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या कानावर घातले. ते म्हणाले, आपल्या झाडीपट्टीत या दिवसांत असंच राह्यते. इकडे कौतुक करायची पद्धत जरा वेगळी आहे.

१९ जानेवारी

प्रा. निकुरे मिशी काढून आले. फार वाईट वाटले. वडील गेले असणार. हात धरून सांत्वन केले. ते माझ्याकडे बघतच राहिले. दुःखात माणसाला बोलवत नाही.

२४ जानेवारी

आज कमिटी आली. वाचनालयात चिटपाखरू नाही. मुलांचे आणि इसरूचे रजेचे अर्ज तेवढे टेबलावर. सगळ्यांचे मामा वारले. साथ असावी. खिडक्यांचे पडदे नाहीत, माझी खुर्ची नाही, दारावरची पाटी नाही. अध्यक्षांनी वाचकांचे काय म्हणून विचारले. मी मुळीच गांगरलो नाही. म्हणालो, संशोधक फील्डवर्कला गेलेत. कुठे, असे विचारल्यावर इसरूच्या अर्जात मूल गावाजवळचे एक खेडे होते ते सांगून टाकले. अध्यक्ष म्हणाले, चला, जीप आहेच.

२५ जानेवारी

कालचे राहिलेले. गावात शंकरपट होता. बैलांच्या शर्यती संपून माणसे मंडपात बसत होती. पट झाला की नाटक व्हायलाच हवे, हा इकडचा रिवाज. कोर्समध्ये हा विषय नव्हता.

मंडपात माझे पडदे. सिंहासन म्हणजे माझी खुर्ची, आणि तिच्या मागे 'काय हवे ते विचारा'. राणी प्रा. निकुरे, दासी इसरू. पदर मात्र बरोबर खांद्यावर होता. संदर्भसेवा वाया गेली नाही.

तेवढ्यात प्रॉम्प्टरचा घसा बसला. चैतूने मला ओढत विंगेत नेले. म्हणाला, सर, हळूच बोलूनबी दूरवर आयकू जाते असं तुमालेच जमते. खरे आहे, वाचनालयातली कमाई आहे ती. पोचूला तलवार लागली. दोन वाक्ये सांगून मी थांबलो, शास्त्र ते शास्त्र. तो पोट धरून माझ्याकडे बघत राहिला. मागून कोणी तरी ओरडले, काऊन गा, मरत काऊन नाईस? मग उरलेली दोन पाने सांगितली. अध्यक्ष पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. त्यांच्या शेजारीच दादाजी आणि वच्छला. मला इतका आनंद झाला की एक पान दोनदा सांगितले.

३१ जानेवारी

कमिटीचा शेरा आला. वाचनालयाचा वापर उत्तम. वाचक आपले आपण सगळे चालवतात, सबब कायम ग्रंथपालाची गरज दिसत नाही. टेम्परवारी पुढे चालू.

इसरूने दादाजींचा निरोप आणला. आवाज बेस होता, पन मानूस काई दिसला नाई. वच्छला हसली म्हणे. कशाला, ते विचारायचा धीर झाला नाही. वाईट वाटले, खोटे कशाला लिहू?

इसरू म्हणतो, पुढच्या पटाले रानीची जागा खाली हाय, निकुरे सरांची बायको आता मिशी काढू देत नाई. दादाजी दरसाल पुढच्याच रांगेत बसतात म्हणे. साफ नकार दिला. मी नागपूरचा कोर्स केलेला ग्रंथपाल आहे.

जेवण झाल्यावर आरशात पाहिले. माझी मिशी तशी विरळच आहे.