दवाखान्याचा निरोप

४ मार्च
आजपासून हे घर माझं. दोनच खोल्या, पण स्वयंपाकघर ऐसपैस आणि खिडकीत भरपूर ऊन. ह्यांची पहिल्या लग्नाची लेक आठ वर्षांची, मला काकू म्हणते. तिला टाइप वन मधुमेह. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, बोटाला सुई, वहीत आकडे. एवढीशी पोर, पण सुई टोचताना पापणी हलत नाही. मीही शिकून घेईन म्हटलं. हे हसले. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे बघून हसलं.

११ मार्च
तिला थायरॉइडची गोळी आहे, गहूही चालत नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तिचं शरीर आपल्याच अवयवांना परकं समजून पोखरतं. एक दुखणं आलं की मागोमाग त्याची भावंडं येतात. तिचं पीठ वेगळं, भांडी वेगळी, सुरी वेगळी. आज मी चुकून पावाची सुरी तिच्या फळांना लावली. ह्यांनी अख्खी ताटली केरात टाकली. संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला.

२३ मार्च
तीन दिवस मी तापाने फणफणले होते. ह्यांनी विचारलं, तिच्याजवळ गेली नाहीस ना? बस, एवढंच.
हल्ली ती नुसतं मीठ चाटते. साखर सारखी उतरते, कोपरं काळवंडलीत, दिवसभर लोळत असते. सोंग आहे. बापाला कसं बांधून ठेवायचं, ते पोरीला बरोबर कळतं.

२ एप्रिल
उद्या संध्याकाळी आम्ही दोघंच बाहेर जाणार. लग्नानंतर पहिल्यांदा. शेजारच्या मावशी पोरीजवळ बसतील.
दुपारी दवाखान्यातून फोन. रक्ताच्या तपासणीत दिसलं, तिची मूत्रपिंडावरची ग्रंथीही निकामी होत चाललीय म्हणे. औषध आजच घेऊन जा, उलटी झाली तर तडक तिला आणा. हो म्हटलं.
ह्यांना सांगितलं नाही. एकच दिवस. परवा सांगेन.

३ एप्रिल
सकाळी हे कामावर गेल्यावर तिला उलटी. बाबांना कळवू नकोस, घाबरतील, म्हटलं. तिनं मान डोलावली.

दुपार. आणखी तीन उलट्या. उभं राहवत नाही तिला. हात गार —

रुग्णवाहिका बोलावली. उलट्या कधीपासून, असं त्यांनी फोनवर विचारलं. आत्ताच, मी म्हणाले.
ती ऐकत होती. म्हणाली, "काकू, मी नाही सांगणार."

मग ह्यांचा फोन. औषध न्यायला कुणी आलं नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ह्यांनाच फोन केला होता. जिन्यात ह्यांची पावलं. मी तिला हलवतेय, हाका मारतेय, पण ती —