गुलाबी दोऱ्याचा डबा

४ जानेवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. खोली बदलली, शाळेच्या मागच्याच गल्लीत आलो. पत्ता वर लिहिलाय, तो आधी वहीत उतरवून घे. तुझी सवय मला माहीत आहे. जुनाच पत्ता घालशील आणि पत्र पोचलं नाही म्हणून बोंब माझ्याच नावाने मारशील. ठकीला सहावं लागलं. पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंड क्षणभर मिटत नाही.

काम असं आहे. पंधरा तारखेला शाळेचे खेळाचे सामने. तीनशे पोरं! मैदानात गाडी लावायची परवानगी मोठ्या बाईंनी तिघांनाच दिलीय: लाह्यावाला, बर्फाच्या कांड्यांवाला आणि साखरेच्या कापसाला मी. तीही दम देऊन. गेल्या महिन्यात कुठल्याशा गाडीवरचे बटाट्याचे काप खाऊन एक मुलगा आजारी पडला. तेव्हापासून पोरांच्या आया आमच्याकडे असं बघतात, जसं काही आम्ही विषाच्या पुड्याच विकतोय. एका पोराचं जरी पोट दुखलं तरी फाटक कायमचं बंद, असं बाईंनी बजावलंय. खोटं कशाला बोलू, रोज शाळा सुटताना माझ्या छातीत धडधडतं.

बाबांची रीत मात्र मी सोडलेली नाही. कापसाची पहिली काडी घरच्या पोराने, सगळ्यांदेखत, पुरती संपवायची. तोवर विक्री नाही. तेव्हा तू आणि मी खायचो, आता ठकी खाते. ते बघून आयांचा जीव जरा थाऱ्यावर येतो.

इथला रंग फिका निघतो. कापूस गुलाबी दिसायचा सोडून आजारी दिसतो. भावोजी तिकडच्या बाजारातून खायचा रंग आणतात, तसला डबाभर पाठव. वेळेत पाठव गं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
धाकटा


९ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

डबा आजच टपालात टाकला. पत्ता नवाच घातलाय, उगाच टोमणे मारू नकोस.

घरात नुसता गोंधळ आहे. यांच्या रंगखोलीला सफेदी काढली, म्हणून तिथले झाडून सगळे डबे माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलेत. हे कापड रंगवतात की माझं घर, काही कळेनासं झालंय. काल दूध तापवायला गेले तर पातेल्यात निळं बोट उमटलेलं! सगळं ओतून दिलं.

तुझ्या डब्याला गुलाबी दोरा बांधलाय. आमच्याकडची खूणच ती, ज्या रंगाचा डबा त्याच रंगात बुडवलेला दोरा कडीला. यांच्या ओल्या हातांपुढे कागदाच्या चिठ्ठ्या टिकत नाहीत, दोरा टिकतो. चिमूटभरच घाल. तुझा हात सढळ, म्हणून सांगतेय. ठकीला पापा, वहिनीला आशीर्वाद. आणि बाई काय म्हणतात याने एवढा घाबरू नकोस रे, तुझं काम चोख आहे.

असाच आठवण ठेवून लिहीत जा.

तुझी
ताई


१२ जानेवारी

धाकट्या,

रंग वापरू नकोस. डबा उघडला असलास तर बंद कर, कापसाच्या थाळीला लावला असलास तर थाळी घासून टाक. ठकीला त्यातलं काहीही देऊ नकोस.

आज सकाळी मिठाचा डबा काढायला फळीवर हात घातला, तर मागे खायच्या रंगाचा डबा. गुलाबी दोऱ्याचा. मग यांच्या रंगखोलीचे डबे मोजले, त्यांतला गुलाबी नाही. तुला लोकरीचा रंग गेलाय रे. दोरा तोच, डबा तसाच, मी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. यांना विचारलं. म्हणाले, त्याने माझ्या बोटांची सालं निघतात, पोटात गेला तर काय होईल मला सांगता येत नाही.

धावत जाऊन तार केली. घरी आल्यावर वहीत बघितलं, तेव्हा कळलं. तारेवर मी तुझा जुना पत्ता घातलाय. परत गेले तर तार निघून गेली होती. दुसरी करायची म्हटलं तर तेवढ्यात तारा वादळाने तुटल्यात, कधी जोडतील ते सांगता येत नाही असं तारमास्तर म्हणाला. हे आत्ताच्याच गाडीने निघतायत, पण पोचायला पंधराची दुपार होईल. हे पत्रही टाकतेय. कुठून तरी काहीतरी तुझ्यापर्यंत पोचू दे.

मला एकच दिसतंय, ठकी सगळ्यांसमोर काडी हातात धरून उभी आहे.

ताई


१४ जानेवारी

ती. ताईस सा. न.

काल डबा मिळाला. ताई, काय रंग आहे गं! बोटाला लागला तो तीनदा साबण लावूनही जाईना. लाह्यावाला येऊन बघून गेला, तोंड एवढंसं झालं त्याचं. माझ्या नुसत्या पांढऱ्या लाह्यांकडे आता कोण बघणार म्हणाला.

थाळी घासूनपुसून ठेवलीय, साखर रंगात मळून तयार आहे. उद्या आठला मैदानात. ठकीला तुझ्या वहिनीने नवा झगा शिवलाय. पहिली काडी मोठी कर, सगळ्यांना दिसली पाहिजे, असा हुकूम सुटलाय. मोठ्या बाई स्वतः समोर उभ्या राहून बघणार आहेत म्हणे. त्यामुळे मला घाम फुटलाय, बाकी सगळं झकास. उद्याचा दिवस नीट पार पडला की फाटकाची काळजी वर्षभराची मिटली.

पोच म्हणून हे चार शब्द. माया आहेच, ती वाढव.

तुझा
धाकटा


१८ जानेवारी

ती. ताईस,

आधी हे वाच: ठकी जिवंत आहे. आज पहिल्यांदा उठून बसली.

भावोजींनी तुला कळवलंच असेल, पण त्यांनाही ठाऊक नाही ते तुला लिहितोय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येत नाही. पंधराला पहिली काडी मी ठकीच्या हातात दिली. समोर मोठ्या बाई, आया, पोरांची ही लांब रांग. ठकीने एक घास घेतला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली की कडू लागतंय. मी वाकलो आणि तिच्या कानात सांगितलं, की लोकांसमोर तोंड वाकडं करायचं नाही, संपव. आणि तिने संपवली गं. माझ्याकडे बघत बघत, हसत, पुरती संपवली.

मग मी विक्री सुरू केली. तिसऱ्या काडीला मागे ठकी ओकली. ओठ सुजले होते. रांगेतल्या एकाच पोराने तोंड लावलं होतं, त्याच्या हातातून मी काडी हिसकावली. ते बचावलं. ठकीला उचलून दवाखान्यात पळालो. तिथे तिची लघवी गुलाबी झाली. भावोजी दुपारी पोचले, त्यांनी रंगाचं नाव सांगितलं, तेव्हा डॉक्टरांना पुढचं सुचलं. तुझी तार सोळाला मिळाली, जुन्या खोलीवरून फिरत.

बाई म्हणाल्या, स्वतःच्या मुलीला आधी दिलंस म्हणून बाकीची वाचली. लोक माझ्या पाठीवर हात ठेवतायत. मला ते हात नको वाटतात.

कडू लागल्याचं तुझ्या वहिनीला सांगितलेलं नाही. तूही बोलू नकोस. डब्याचा दोष स्वतःला लावून घेऊ नकोस. तू दूर होतीस, मी तर तिथेच होतो.

तुझा
धाकटा


२ फेब्रुवारी

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. लिहायला बसत होते आणि उठत होते, म्हणून उशीर झाला.

ठकी घरी आली. भात खाते, पण दोनच घास. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं महिनाभराने पुन्हा तपासावी लागतील. तोवर नक्की काही सांगता येणार नाही. मी रोज तिच्या लघवीचा रंग बघते. बरी होईलच असं सगळे म्हणतात, आणि म्हणताना दुसरीकडे बघतात. हे अजून गाडी बाहेर काढत नाहीत.

तुम्ही प्रत्येक पत्रात डब्याबद्दल माफी मागितलीत. डबा कुणाच्याही हातून चुकला असता, वन्सं. तो राग माझा गेला. पण परवा ठकीला औषध पाजत होते. फार कडू असतं ते. तिने एका दमात प्यायलं आणि हसली. मी म्हटलं, शहाणी गं माझी. तर म्हणाली, बाबांनी सांगितलंय, कडू लागलं तरी तोंड वाकडं करायचं नाही. मग सगळं विचारून घेतलं. तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं का? असलं तर मला कळवू नका. घरात मला एकावरच रागावता येतं, दोघांवर नाही.

तुम्ही येऊ का म्हणून विचारलंत. या. ठकी सारखी आत्या आत्या करते, आणि यांच्याशी दोन शब्द बोलायला कुणीतरी हवंय. माझ्याने होत नाही. अंथरूण आहे, जागा आहे, कितीही दिवस राहा.

एकच सांगते. येताना ठकीसाठी खाऊ आणू नका. रागाने लिहीत नाही. तुम्ही प्रेमाने तिच्या हातात काही ठेवाल, ती तुमच्याकडे बघून हसेल आणि खाईल. मला ते बघवणार नाही.

पूर्वीचा लोभ परत यायला थोडे दिवस द्या.

तुमची
वहिनी