केसाळ, चाबूकवाले आणि आमची बकुळा

१२ एप्रिल १९३६
विसरलास ना रे कागदा, काल मी काय सांगितलं ते? विसरणारच! कुणी लिहिलं तरच तुला आठवतं. मला तर लिहिलेलंही वाचता येत नाही. म्हणजे दोघेही कोरेच. मी बोलते, नात बकुळा लिहिते. (हसू नकोस गं, लिही.)

काल तिची बरणी मी रिकामी केली. झेंडूच्या देठांचं कुजकं पाणी, त्यात पेंढा. घाण समजून मिरचीच्या आळ्यात ओतलं. पोरगी किंचाळली, "आजी, माझे प्राणी!" बरणीत प्राणी? म्हटलं, कॉलेजात जाऊन पोरीचं डोकं फिरलं!

१४ एप्रिल
माझंच फिरलं होतं. तळाशी थेंबभर पाणी उरलं होतं. मास्तरांनी सुटीपुरतं दिलेलं सूक्ष्मदर्शक तिनं ओट्यावर मांडलं. आधी मला माझीच पापणी दिसली. तिलाच प्राणी समजून मी नमस्कार केला!

मग दिसले. चपलेच्या तळासारखे, सुळकन् पळणारे. अख्खं अंग म्हणजे एकच पेशी, म्हणे. चालीवरून त्यांचे गट पाडतात. अंगभर केस हलवणारे, चाबूक फिरवणारे, अंगातूनच पाय काढून सरकणारे. चौथे चालतच नाहीत, दुसऱ्याच्या अंगात बसून खातात. म्हटलं, त्यांत मला घाल. सून रांधते, मी खाते.

१७ एप्रिल
आज त्यांचं बारसं. प्रत्येकाला दोन नावं— आधी घराण्याचं, मग स्वतःचं. पॅरामिशियम कॉडेटम. कॉडेटम म्हणजे शेपटीवालं.

"आणि चुकून भलत्याच घराण्यात घातला असेल तर?"

"घराणं बदलतात, आजी. स्वतःचं नाव तेच ठेवतात. नियमच आहे तसा."

एवढं बोलून तिनं पुन्हा भिंगाला डोळा लावला. पुढच्या महिन्यात तिचं लग्न— सिन्नरच्या देवरामांच्या चंदरशी. त्यांनी नाव ठरवलंय, शशिकला. तांदळाच्या ताटात अंगठीनं ते लिहिलं की बकुळा संपली.

म्हटलं, "अगं, सगळ्यांचंच बदलतं. मी नाही का काशीची सखू झाले?"

"मग काशी कुठे गेली?"

एवढी बडबडी म्हातारी मी— पाणी प्यायचं निमित्त करून उठले!

१८ एप्रिल
आज बकुळा बसली नाही. हे सुनेचं अक्षर, वाकडं आहे म्हणे. मला काय, सगळी सरळच!

२१ एप्रिल
पुन्हा सूनच लिहितेय. व्याह्यांचा निरोप आला: आमच्याकडे बाजरी, नावाच्या ताटासाठी तुमच्या घोटीचे तांदूळ तुम्हीच पाठवा. मुलगा बुधा लगेच म्हणाला, "पोतंभर पाठवू!" बकुळा नुसती झेंडूच्या पाकळ्या तोडत बसली.

२२ एप्रिल
बसलीस, बकुळे? मग लिही. सिन्नरला कच्चा तांदूळ एक दाणा जाणार नाही. त्याच तांदळाचा मसालेभात करायचा आणि वरातीबरोबर पाठवायचा. म्हणावं, लिहा आता यात अंगठीनं काय लिहायचं ते! पातेल्यावर तेवढं 'बकुळा' कोरून घ्या. तूप सढळ घाला. आणि भात मऊच ठेवा, मलाही खायचाय.