मेघावळचे पडके किल्ले

सोलापूर
२१ नोव्हेंबर १९७४

चि. चन्नवीर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. भाऊबीजेचं इरकल नेसून कालच देवळात जाऊन आले. शेजारच्या शरणम्मा दोनदा पदर हातात घेऊन बघत होत्या. शेंगाचटणीचा डबा मात्र इथेच विसरलास. बत्तीस वर्षांचा झालास, पण धांदरटपणा जात नाही. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात इंजिनं तरी नीट जोडतोस ना?

पत्र लांबणार आहे. ड्यूटीवरून आलास की आधी जेव, मग वाच.

तू गेल्यावर आमच्या नीलाने ट्रंकेतून मेघावळचा नकाशा शोधून काढला. कॅलेंडरच्या पाठीवर आपण लहानपणी रचलेलं ते राज्य, उडत्या घोड्यांचं आणि बोलणाऱ्या बुरुजांचं. कवड्या टाकून किल्ले जिंकायचे, पडलेल्या किल्ल्यावर कोळशाने फुली मारायची, तो पुन्हा उभा करायचा नाही आणि कसा पडला ते जिंकणाऱ्याने बखरीच्या वहीत लिहायचं. नियम सगळे तुझेच.

"आई, एवढे किल्ले पडले कसे?" म्हणाली. मी वही वाचून दाखवली. रातकोटचा चोरदरवाजा फितूर तिप्पण्णाने उघडला. भुजंगगडाच्या बुरुजाला फितुराने अफू पाजली. निळमाळच्या घोड्यांचे पंख फितुराने कातरले.

"सगळीकडे फितूरच? कुठे पाणी आटलं नाही? कुठे वीज पडली नाही?"

मी तिला तुझंच शास्त्र सांगितलं. मेघावळचे चिरे देवांनी जोडलेत, ते बाहेरून फुटत नाहीत. आतल्या माणसाने दगा दिला तरच किल्ला पडतो.

"आणि दर वेळी तिप्पण्णामामाच फितूर का?"

शेजारचा तिप्पण्णा खेळात उशिरा आला, त्याच्या वाट्याला किल्ला उरला नव्हता. म्हणून आपण त्याला फितूर केलं, आणि तोही हसत हसत व्हायचा. हे मी तिला सांगितलं खरं, पण पुढचं पान वाचवेना, वही मिटून ठेवली.

चन्नवीर, तू आणि कुंदा कोर्टात लग्न करणार होता, ते त्रेसष्ट साली आप्पांना कळलं. आप्पा तिच्या घरी जाऊन भांडले आणि आठ दिवसांत तिच्या घरच्यांनी तिला बार्शीला नेऊन तिचं दुसरीकडे लग्न लावलं. तुमचा बेत दोघांनाच ठाऊक होता, मला आणि तिप्पण्णाला. मला तू एका शब्दाने विचारलं नाहीस. सरळ तो कामाला होता त्या गिरणीच्या दारात जाऊन चारचौघांत त्याला फितूर म्हणालास. अकरा वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाहीस.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस रे. आप्पांना मी सांगितलं होतं.

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. भावाने जातीबाहेर लग्न केलं तर मला कोण करून घेणार, या भीतीने भरदुपारी आप्पांच्या दुकानात जाऊन सगळं ओकले. वाटलं, आप्पा माझं लग्न होईपर्यंत तुला थांबवतील, एवढंच. नंतर तू तिप्पण्णावर धावलास तेव्हा मी गप्प बसले, आणि पुढे गप्प बसायची सवयच झाली. दर वर्षी तुला ओवाळताना मला माझीच लाज वाटते.

काल तिप्पण्णाच्या घरी गेले. तो अंगणात सायकल पुसत होता. सगळं सांगून टाकलं. फडकं न थांबवता म्हणाला, "मला तवाच ठावं हुतं की, अक्का. दुकानात शिरताना बघितलं की तुमाला."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

"पोरगी तर गेलीच हुती त्याची. आता बहीणबी जाऊ देऊ व्हय?"

मी तिथेच पायरीवर बसून रडले. त्याची बायको पाणी घेऊन आली, तिला काही कळेना.

तुझी कुंदा मला परत देता येत नाही. तिप्पण्णा अजून आहे, त्याच घरात. आधी त्याला पत्र टाक. मला शिव्या द्यायच्या असतील तर त्या नंतर दे. नाही लिहिलंस तरी मी तक्रार करणार नाही.

खाली नुसतं नाव लिहिते. अक्का म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

दाक्षायणी